एकशे सत्त्याऐंशी वेळा

…पिवळा ठिपका होता तो. दोन बोटांनी फोटो मोठा करत नेला की ठिपक्याचे चौकोन व्हायचे आणि चौकोनांतून काही कळायचं नाही. पण बोटं जरा मागे घेतली की ती सरळसरळ केसांची क्लिप होती – काचेमागे, शिलाई मशीनवर वाकलेल्या एका बाईच्या मानेवर बसलेली. चहा केव्हाच निवला होता. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, पुन्हा उचलला. फोटोखाली बारीक अक्षरांत आकडा होता. एकशे सत्त्याऐंशी. म्हणजे इतक्या वेळा कोणी ना कोणी हे दुकान, ही काच, ही मान पाहिली होती. वर्षभर हा आकडा एक्केचाळीसवर मख्ख बसून होता, आणि गेल्या नऊ दिवसांत…

आकड्यांशी त्यांचं जुनं सख्य. चौतीस वर्षं ते पाणीखात्यात मीटर वाचत होते. अजूनही पलीकडच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका त्यांना ‘मीटरवाले’ म्हणूनच हाक मारत. बायको गेली, आणि पाच महिन्यांनी नोकरीही संपली, तेव्हा पायांना सवय राहिली होती आणि कामाला काही नव्हतं. मग कोणीतरी दाखवलं, की फोनवरच्या नकाशात कुणालाही फोटो टाकता येतात, फुकट. आपण टाकायचे, जगाने बघायचे, आणि किती जणांनी बघितलं तेही कळतं. झालं. पूल, बँक, दवाखान्याचं मागचं दार, बंद पडलेली वजनकाट्याची टपरी – सहाशे बारा फोटो. दर रविवारी ते प्रत्येकाचा आकडा एका जुन्या, कोऱ्या राहिलेल्या रजिस्टरात उतरवत. घरात कोणी ‘आज काय केलं’ म्हणून विचारणारं नव्हतं. ते रजिस्टर विचारायचं.

गेल्या आठवड्यात या एका फोटोचा आकडा हलला तेव्हा त्यांना आनंद झाला होता, हे आज सकाळी आठवायला नको वाटत होतं. रविवारपर्यंत दमच निघेना, म्हणून ते रोज लिहू लागले. एक्केचाळीसचे त्रेपन्न. त्रेपन्नाचे ऐंशी. ते आरशासमोर दाढी करताना हसले होते, एकटेच. पण मीटरवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते – घरातले सगळे नळ बंद असताना काटा फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंच आहे.

बागेतल्या बाकावर लांबू आधीच येऊन बसला होता. लांबू म्हणजे त्यांच्याच वयाचा निवृत्त पोस्टमन. उंचीमुळे नाव पडलं ते पेन्शनीपर्यंत टिकलं. फोटोंचा नाद दोघांना एकदमच लागला होता, आणि लांबूचा रेल्वे फाटकाचा एक फोटो दोन लाख लोकांनी बघितला होता, हे तो कुणाच्या मयतालाही सांगायला कमी करत नसे.

“आण बघू तुझी कुंडली,” तो म्हणाला. रजिस्टर मांडीवर घेऊन त्याने चष्मा वर सरकवला. “अरे वा. गल्लीतलं दुकान पळतंय की.”

“बाकीचेही थोडे थोडे वाढलेत,” ते म्हणाले. “त्याच बाजूचे. वेगवेगळ्या दिवशी.”

लांबूचं लांब बोट ओळींवरून खाली आलं, थांबलं, परत वर गेलं. “गंमत आहे. सोमवारी बसस्टँड. मंगळवारी दूधडेअरीचा कोपरा. बुधवारी शाळेची भिंत, गुरुवारी गल्लीचं तोंड, आणि तिथून पुढे रोज नुसतं दुकान. ही तर माझी बीट आहे. चौदा वर्षं ह्याच वाटेने टपाल वाटलं मी.” तो खो-खो हसला. “कोणीतरी स्टँडवर उतरून पायी पायी आलंय बघ तुझ्या दुकानापर्यंत.”

समोर माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. पाण्याचा आवाज येत होता, आणि लांबू पुढे फाटकाविषयी काहीतरी बोलत होता, आणि ते त्याच्या मांडीवरच्या रजिस्टराकडे बघत होते… कोणीतरी. दूधडेअरीचा कोपरा बघायची हौस कोणाला असते?

“मामा, तुम्ही तर मोठे माणूस निघालात.”

हा आवाज त्यांच्या कानात होताच, नऊ दिवस होता. त्यांनीच त्याला बसायला जागा दिली नव्हती. काही वर्षांपूर्वीचं बहिणीच्या घरचं जेवण, पानं उठलेली, आणि जावईबापू त्यांचा फोन हातात घेऊन एकेक फोटो सरकवत – हळू, मन लावून, प्रत्येकाखालचं नाव वाचत. बहीण, मेव्हणा, कोणी कधी त्या फोटोंना विचारलं नव्हतं. “मी आता तुमचे सगळे बघणार. एकही सोडायचो नाही,” तो म्हणाला होता. आवाज चढवून बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. भाची, चिऊ, शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि तिने तो कुणालाच दिला नाही, हे त्यांना तेव्हा दिसलं होतं आणि कळलं नव्हतं.

कळलं ते दोन वर्षांनी, ती एका पिशवीनिशी त्यांच्या दारात आली तेव्हा. मारझोडीचं तिने दोन वाक्यांत उरकलं. ज्याविषयी ती बोलत राहिली ते वेगळंच होतं. “मामा, तो रोज संध्याकाळी माझ्या स्कूटरचा काटा वाचायचा. वहीत लिहायचा. बाजार दोन किलोमीटर, परत दोन. साडेचार झाले, की अर्धा कुठला ते विचारायचा. रात्रभर विचारायचा.” तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती, कारण टेबलावर त्यांचं रजिस्टर उघडं होतं.

त्यांनीच तिला ओळखीच्या एका मावशींच्या दुकानात चिकटवून दिलं – कपडे उसवून, आखूड करून, लांबवून देणारं छोटंसं दुकान, मालकीणबाई सज्जन, वर एक खोली. तिच्या आईलासुद्धा पत्ता सांगितला नाही, कारण बहिणीच्या पोटात काही राहत नसे. एवढी काळजी घेतली. आणि मग चार महिन्यांनी एका दुपारी, गल्लीत तिरपं ऊन पडलेलं असताना…

“कुठे निघालास? आत्ताशी अकरा वाजतायत,” लांबू म्हणाला.

“एक काम राहिलंय,” ते म्हणाले, आणि रजिस्टर बाकावरच विसरून चालू लागले.

चालता चालता त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. तोंड कुठे दिसतंय? नुसती पाठ, मान, एक डावा हात. कोण ओळखणार? पण सहा वर्षं ज्याने ती मान रोज बघितली, तो… आणि तसंही हे खरं नव्हतं. तो फोटो टाकण्याआधी त्यांनी मोठा करून पाहिला होता. दिसली होती. मला दिसली होती ती. त्या गल्लीचा एकही फोटो नकाशावर नव्हता, मी पहिला ठरणार होतो, ऊन पुन्हा तसं पडलं नसतं – आणि मी म्हटलं, एवढं कोण बघतंय. मीच म्हटलं, मी, ज्याला कोण किती वेळा बघतं याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

काढून टाकावा. आत्ताच्या आत्ता. ते डेअरीच्या कोपऱ्यावर थांबले, फोन काढला, अंगठा नेमक्या जागी नेला. पण रोज बघणाऱ्याला एक दिवस फोटो दिसला नाही, तर त्याची उरलीसुरली शंकाही फिटेल. न सांगता सांगितल्यासारखंच होईल, की हो, इथेच. हे खरं होतं. आणि त्याच्यामागे आणखी एक बारीक विचार दबा धरून होता, तोही त्यांना दिसला – काढला तर एकशे सत्त्याऐंशीही जातील. भर रस्त्यात त्यांचे कान तापले. त्यांनी फोन खिशात टाकला. शाळेच्या भिंतीपाशी त्यांना उगीचच मागे वळून पाहावंसं वाटलं. एक माणूस सायकलची चेन बसवत होता, दुसरा भिंतीला टेकून फोन बघत होता, आणि तो जावई नव्हता, तरी ते त्याच्याकडे फार वेळ बघत राहिले.

दुकानात चिऊ एकटीच होती. मावशी दोरे आणायला घाऊक बाजारात गेल्या होत्या. एका पँटची शिवण उसवत ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती, आणि तिला असं गुणगुणताना त्यांनी लग्नाआधीपासून ऐकलं नव्हतं.

“मामा? आज सकाळीच?”

त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, काटछाट न करता. स्टँड, डेअरी, भिंत, गल्ली. आनंद झाला होता तेही सांगितलं. बोलताना ते तिच्या हातातल्या उसवणीकडे बघत होते. ती थांबली नव्हती, एकेक टाका काढतच होती.

“काढलास तेव्हा मी बघितलं होतं तुला,” ती म्हणाली. “काचेत दिसत होतास. वाटलं, पदर घ्यावा, नाहीतर उठून आत जावं. मग म्हटलं, मामा काढतोय म्हणजे त्याने विचार केला असेल.”

यापेक्षा तिने हातातली कात्री फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

“माझ्याकडे चल,” ते म्हणाले.

“तुझं घर त्याला माहितीये.”

“मग चौकीवर जाऊ.”

“काय सांगायचं? नवऱ्याने फोटो बघितला?” तिने पँट उलटी केली. “परवा फोन आला होता दुकानात. मावशींनी घेतला. दुकान कितीपर्यंत उघडं असतं, एवढंच विचारलं, फार अदबीने. मावशी म्हणाल्या, गिऱ्हाईक चांगल्या घरचं दिसतंय.”

तिने उसवलेले दोरे चिमटीने गोळा केले. मग म्हणाली, “मावशी दोनपर्यंत येतील. त्यांच्या बहिणीचं घर आहे लांब, तिथे जाईन म्हणते काही दिवस. बस तू इथे तोवर.” आणि जरा थांबून, “आज किती आहे रे आकडा?”

त्यांनी फोन काढला. बाराच्या सुमारास आकडा नवा होत असे, नऊ दिवस होत आला होता; आता सव्वाबारा झाले होते. त्यांनी पडद्यावर वरून खाली अंगठा ओढला, चाक फिरलं, थांबलं. पुन्हा ओढला.

“एकशे सत्त्याऐंशी. कालच्याइतकाच.”

“म्हणजे काल दुपारपासून कुणीच नाही बघितला?”

“नाही.”

तिचे खांदे खाली आले. “बघ. कंटाळला असेल. कोणीतरी दुसराच असेल तो, मामा. आपण उगाच…” ती चक्क हसली, आणि मशीनकडे वळली. पायाखालचं पॅडल चालू झालं.

ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिच्या पाठीमागून त्यांना गल्लीचं तोंड दिसत होतं. मशीन एका लयीत चालत होतं आणि त्यांना वाटलं, आपणही आता सुटलो म्हणावं, श्वास सोडावा… चौतीस वर्षं अनोळखी पत्ते शोधले होते त्यांनी. नवा भाग मिळाला की आदल्या रात्रीपर्यंत ते हाताने काढलेला नकाशा पुन्हा पुन्हा बघायचे, कुठे वळायचं, कुठलं दार. आणि सकाळी घराबाहेर पडले, की तो घडी करून खिशात. वाट पाठ झालेली असायची. निघालेला माणूस नकाशा बघत नाही.

काल दुपारपासून.

तिला हे सांगायचं होतं. ओठ हललेही, पण ती पुन्हा गुणगुणायला लागली होती. गल्लीच्या तोंडाशी सावल्या येत होत्या, जात होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते रस्ता चांगला दिसतो की नाही हे न बघता नुसती माणसांची तोंडं बघत होते, एकेक, उतरवून घेतल्यासारखी. मांडीवर फोन होता. त्यांनी पडद्यावर अंगठा पुन्हा खाली ओढला, आणि चाक फिरत असताना, सकाळपासून ज्या आकड्याची धास्ती घेतली होती त्याच्याकडेच ते आता जीव मुठीत धरून मागत होते – वाढ. एकाने तरी वाढ.