कमळाचं शेवटचं कडं

शेवटचा दगड बसेना. क्रेनच्या पट्ट्याला लटकून तो सकाळपासून पुन्हा पुन्हा खाली येत होता, दोन शेजाऱ्यांमधल्या फटीशी टेकत होता आणि पुन्हा वर जात होता. फट दगडापेक्षा बोटभर अरुंद होती.

"लहानपणीचा सदरा घालायला निघालाय हा," मुकादम म्हणाला.

खाली मंडपात उभी राहून ती वर बघत होती. देऊळ किती जुनं ते नेमकं कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्या राजाने ते बांधवलं त्याचं नाव दारावरच्या लेखातून झिजून गेलं होतं आणि ज्यांनी बांधलं त्यांची नावं कुणी लिहिलीच नव्हती. उरलं होतं ते त्यांचं छत. दगडाच्या एका कड्यावर दुसरं कडं, प्रत्येक वरचं कडं खालच्यापेक्षा थोडं आत सरकलेलं, असं लहान लहान होत जाणारं, आणि खालून पाहिलं की एकच मोठं उमललेलं कमळ. मध्ये चुना नाही, लोखंड नाही. प्रत्येक दगडाला आत कोसळायचं असतं, आणि शेजारचे दोघे त्याला कोसळू देत नाहीत. एवढ्याच भांडणावर ते छत शतकानुशतकं उभं होतं.

मग एका झाडाने सांध्यात मुळं घातली, खांब कलले आणि सगळं छत उतरवून पुन्हा रचायचं ठरलं. ते काम तिच्या बाबांचं. त्यांनी प्रत्येक दगड उतरवण्याआधी त्याच्या पोटावर, पाकळीच्या खाली, पाण्याने पुसता येईल अशा पांढऱ्या रंगाने स्वतः आकडा घातला. खांब सरळ झाले, खालची कडी पुन्हा बसली. रचणाऱ्यांसाठी वर फळ्यांचं व्यासपीठ होतं. बाबा खालून ओरडायचे, "आता तो घ्या, हां, त्याच्या पलीकडे," आणि वरचे लोक त्यांच्या आवाजावर दगड मांडायचे. एकच कडं उरलं असताना, चहाचा कप हातात धरून, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

ती त्यांच्याच हाताखाली काम करत आली होती. बाबांची जागा तिच्याकडे आली, त्यांचा आवाज मात्र कुणाकडे आला नाही. शेवटचं कडं वरच्या लोकांनी आकडे वाचून, एकापासून सुरुवात करून, उजवीकडे मांडत नेलं होतं.

कंत्राटदाराचा इंजिनिअर शिडीवरून उतरला. सगळे त्याला घाईसाहेब म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तो घाईत असल्यामुळे त्याला राग यायलाही वेळ नसे.

"ताई, एका बाजूने बोटभर घासू. मशीन आहे. धूळ उडेल तेवढीच. वर कोण बघायला जातंय?"

"बाबांचा नियम होता. जुन्या दगडाला हत्यार लावायचं नाही."

"बाबांना मी मानतो हो. पण क्रेन उद्या दुसऱ्या कामावर जाणार, आणि कडं उघडं ठेवून खालच्या टेकूवर किती दिवस काढायचे? कडं मिटलं की ते स्वतःला सांभाळतं. मिटलं नाही तर ते आपल्याला सांभाळायचंय." मग तो जरा थांबला, त्याच्या मानाने बराच वेळ. "शेवटी शेवटी बाबा थकले होते. आकडे घालताना एखादा इकडचा तिकडे झाला असेल. होतं असं माणसाचं."

हेच तिच्याही मनात होतं, म्हणून ते तिला जास्त लागलं. मशीनला हो म्हणायचं म्हणजे बाबा चुकले असं लिहून द्यायचं. आणि बाबा गेल्यावर. त्यांना उलट बोलायला तोंड नसताना.

"जेवण झाल्यावर सांगते," ती म्हणाली.

शेडमध्ये आत्या डबा घेऊन आली होती. बाबांची धाकटी बहीण. भाऊ गेल्यापासून ती रडली कमी आणि आवरत जास्त होती. आज तिने बाबांचे कामाचे सदरे एका पिशवीत भरून आणले होते.

"इथल्या लोकांना होतील. कपाटात ठेवून काय वाळवी पोसायची? धुतलेत हां सगळे. पण पाठीचे डाग गेले नाहीत, ते कुणी हसू नये म्हणून आधीच सांगते."

"पाठीचे?"

"मग! लोक गुडघे मळवतात, कोपरं मळवतात. तुझा बाप पाठ मळवायचा. एवढ्या देवळात ह्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती जशी काही. मी विचारलं तर म्हणे, वर बघायला मान पुरत नाही."

तिने एक सदरा उलगडला. खांद्यांच्या खाली करडा, लांबट डाग होता. दगडाच्या धुळीचा, घामात मुरलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय ग? जेव आधी."

"आलेच."

"हे त्याचंच झालं. आलेच म्हणायचा आणि भात दगड व्हायचा!"

ती मंडपात गेली आणि त्या कमळाच्या बरोबर खाली, थंड फरशीवर, सरळ आडवी झाली. शाळेत असताना ती एकदा अशीच बाबांच्या शेजारी पडली होती. तेव्हा बाबांचा हात छताकडे उठला होता आणि बोट हळूहळू फिरत गेलं होतं. ही पहिली पाकळी, ही दुसरी, ही बघ तांबूस. मध्ये कुठल्यातरी काळात दुरुस्ती झाली, तेव्हा त्या लोकांनी एक पाकळी नव्या, तांबूस दगडाची घडवली आणि ती जुनी दिसावी म्हणून काहीही केलं नाही. बाबांना सगळ्यांत जास्त तीच आवडायची.

वरच्या उघड्या वर्तुळातून मुकादमाचं डोकं डोकावलं. "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"दादा, हात पुढे करा. आणि घड्याळाचा काटा फिरतो तसा फिरवा."

"आता?"

"आताच."

मुकादमाने आज्ञाधारकपणे खाली हात काढून फिरवायला सुरुवात केली. तिने फरशीवरून आपला हात उचलला आणि तसाच, काट्यासारखा, फिरवला.

"अहो, तुम्ही उलट्या जाताय," मुकादम म्हणाला.

"मी सुलटीच जातेय. तुम्ही उलटे."

दोन्ही हात हवेत थांबले. मुकादमाने आपल्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या, मग कड्याकडे.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "ते खाली उताणे पडून आकडे घालत होते. आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर बसून वाचतोय."

चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती. पाकळ्या दिसायला सारख्या, पण हाताने घडवलेल्या. प्रत्येकीची एकेक कड एकेका शेजारणीसाठी तासलेली. उलट्या क्रमात प्रत्येक सांधा केसभर उघडा राहिला होता, आणि त्या सगळ्या केसांनी मिळून शेवटच्या दगडाची जागा खाल्ली होती.

घाईसाहेबाने ऐकलं, कपाळावर हात मारला आणि तोच हात खिशात घालून फोन काढला. "क्रेन उद्या नाही मिळणार! परवा! का म्हणजे? इथे लोक झोपून काम करतात, म्हणून!"

पहिला दगड तसाच ठेवून बाकीचे उचलले आणि डावीकडे मांडत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा दगड खाली आला, आणि ह्या वेळी तो टेकला नाही, उतरला. पाण्यात पाय सोडावा तसा. मग आतून एक आवाज आला, मोठा नाही, घसा साफ केल्यासारखा. सगळं कडं एकदम स्वतःवर रेललं होतं.

"ताई, वर या," मुकादमाने हाक मारली. "लवकर या."

दगडांच्या वरच्या अंगावर बारीक ओरखडे होते, ते सगळ्यांनी छिन्नीचे म्हणून सोडून दिले होते. आता दगड आपापल्या जागी आल्यावर एका दगडावरचा ओरखडा पुढच्या दगडावर गेला होता, तिथून पुढच्या. एकच रेघ कड्याभोवती फिरून स्वतःला येऊन मिळाली होती. कुणीतरी कडं मिटल्यावर, सगळं नीट बसल्याची खूण म्हणून, ती ओढली असेल. जिच्यावर लगेच वरचा थर येणार, जी कुणी कधी बघणार नाही, अशी खूण. तांबूस दगडावरही ती होती. तिथे मात्र हात वेगळा होता, जरा खोल, जरा भीत भीत ओढलेला. म्हणजे मधल्या काळातली ती माणसंही इथेच गुडघे टेकून बसली होती, आणि त्यांनी ही रेघ पाहून पुढे नेली होती.

तिने रेघेवर बोट ठेवलं आणि पूर्ण फिरवून आणलं. मुकादमाने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं होतं. घाईसाहेब कठड्याला धरून उभा होता आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं.

"झाकायचं?" मुकादमाने विचारलं.

"फोटो काढा. मग झाका."

ती कड्याखालच्या परांचीच्या फळ्यांवर उतरली. तिथून कमळाच्या पोटावर बाबांचे आकडे दिसत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीने. एकचं डोकं त्यांच्या सवयीप्रमाणे वळलेलं, सातची मान लांब. वरची रेघ राहणार होती. आकडे पुसायचे होते. बाबांनीच तसं ठरवलं होतं.

"पोरांना सांगू का पुसायला?" मुकादमाने वरून विचारलं.

"नको. मी पुसते."

तिने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि मान पुरेना म्हणून फळ्यांवर पाठीवर आडवी झाली. एकपासून सुरुवात केली, आपल्या उजवीकडे जात राहिली. प्रत्येक आकड्यावर फडकं ठेवण्याआधी ती जरा थांबत होती. पांढरं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. शेवटचा आकडा गेला तेव्हा ओल्या दगडावर काही लिहिलेलं नव्हतं. नुसती पाकळी होती, आणि तिच्या शेजारी पाकळी.