सगळ्या शाळेसमोर

सातवीतल्या एका मुलीवर पर्यवेक्षकांनी कॉपीचा आळ घेतला आणि भर वर्गात तिचा पेपर हिसकावून घेतला. बाकाखाली सापडलेली चिठ्ठी सकाळच्या पाळीतल्या कुणाची तरी होती, हे दुपारीच कळलं. पर्यवेक्षकांनी हात झटकले. "पेपर पुन्हा घेऊ तिचा. विषय संपला."

गणिताच्या बाई मात्र चहा समोर ठेवून स्टाफरूममध्ये नुसत्याच बसून राहिल्या. त्यांना स्वतःची लहानपणीची शाळा आठवली. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक फोडल्याचं खापर तेव्हा त्यांच्याच माथी फुटलं होतं. मुख्याध्यापक सरांनी त्यांना फैलावर घेतलं. खरं काय ते कळल्यावर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तेच सर पुढे आले. "काल मी हिला उगाच बोललो. चूक माझी होती. पोरी, माफ कर मला." सगळ्या शाळेसमोर. त्या दिवसापासून ती शाळा बाईंना घरासारखी वाटायला लागली. पुढे कितीतरी शाळांत शिकवलं, पण तसं घर काही पुन्हा सापडलं नाही.

बाई उठून मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. "आळ वर्गासमोर घेतला, तर काढायलाही वर्गासमोरच हवा."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आपणच पडतं घेतलं तर पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतील."

"मग मी सांगते."

"सांगा. तुमचं तुम्ही निस्तरा."

शेवटच्या तासाला सातवीच्या वर्गात बाईंनी फळ्याकडे पाठ केली. "हिने कॉपी केली नव्हती. चूक आमची होती, आणि आम्ही ती लगेच बोलून दाखवली नाही."

मुलीने मान वर केली. चेहरा काही खुलला नाही. "बाई, पर्यवेक्षक सर कधी म्हणतील असं?"

"माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "मी विचारत राहीन."

घरी पोचल्यावर पर्सही न ठेवता त्यांनी आपल्या जुन्या मुख्याध्यापक सरांना फोन लावला. सरांच्या बायकोने, काकूंनी उचलला.

"त्यांना हल्ली कुणाची ओळख पटत नाही गं. तरी बोल तू. कुणी बोललं की खुलतात."

बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडून मधूनमधून "अरे वा" ऐकू येत होतं. मग परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने सर म्हणाले, "तुम्ही एकदा आमच्या शाळेत या. मुलं फार गुणी आहेत आमची."

शाळेच्या त्या इमारतीत आता फर्निचरचं दुकान आहे.

"येते ना, सर," बाई म्हणाल्या. फोन ठेवणं त्यांच्या जिवावर आलं.