ते पैसे नारळाचे

मित्रांनो, जरा डोळे मिटा. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडे चालला आहात, आणि वाटेत डाव्या हाताला एक छोटं दुकान आहे, असं समजा. पुढे नारळांचा ढीग, शेजारी बेल-फुलं, उदबत्त्या, बत्तासे. आता ढिगाच्या मागे वरच्या फळीवर बघा. कालपरवापर्यंत तिथे मी धूळ खात बसलो होतो. मी एक जुना पत्र्याचा गल्ला आहे.

वसमतच्या एका कारागिराने तेलाच्या डब्यातून मला घडवलं. दुकानदार गोपाळने त्याच्याकडे एकच मागणं केलं होतं, "मधी एक पट्टी घाला. डाग देऊन पक्की जोडा, इकडचं तिकडं जायला नको."

रोज संध्याकाळी विक्रीचे पैसे वाटले जायचे. माल जेवढ्याला आणला तेवढे डाव्या कप्प्यात, वर उरलेले उजव्यात. किराणा, वह्या, कधीमधी भजी, सगळं उजव्यातून. त्याची चिमुरडी तारा मात्र नेमका डावीकडे हात घालायची. गोपाळ हळूच तिचं मनगट धरायचा.

"तारे, ते पैसे आपले न्हाईत."

"मंग कोणाचे?"

"नारळाचे. त्यायला उद्या हिंगोलीहून यायचं हाय, त्याचं तिकीट हाय ते."

"नारळ एसटीत बसतेत का?"

"बसतेत की. तुझ्यावानी अर्धं तिकीट चालत न्हाई त्यायला."

पुढे दुकानात पैसे घ्यायचा तो चौकोनी कागद चिकटला. पैसे फोनात जाऊ लागले. फोनात पट्टी नव्हती, पण गोपाळच्या डोक्यात ती होती, म्हणून काही बिघडलं नाही. मला तेवढं फळीवर सरकवलं.

मागच्या उन्हाळ्यात गोपाळ वारला. पत्र्याला दुःख होत नाही म्हणतात. खरं असेल. मला काही वाटलं नाही. ताराची आई दुकानात येऊन बसायची, पण पोतं ठेवावं तशी. गिऱ्हाईक बोललं तरी ती बोलायची नाही. सगळं नववीतल्या ताराच्या हातात आलं.

तारा फोन उघडायची. आत एकच आकडा दिसायचा. "आई, पैसे हायेत की!" ती म्हणायची. मग धाकट्या भावाला, शौनकला बूट आले, बंद पडलेला पंखा दुरुस्त झाला, त्याच्या वाढदिवसाला केक आला. उधळपट्टी नव्हतीच ती. सगळं लागणारंच होतं.

श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी नारळांचे व्यापारी प्रेमसिंग टेम्पो घेऊन आले.

"काहून गं तारा, पोती रिकामी ठेवून राहिली? उद्या सोमवार हाय!"

ताराने फोन उघडून उरलेला आकडा पाहिला. "काका, पैसे होते..."

"होते म्हणजे? नारळ इकले न तुमी? मंग त्या नारळांचे पैसे कुठी गेले?"

ताराची नजर शौनकच्या बुटांवर गेली.

"उधार देतो मी," प्रेमसिंग जरा मऊ आवाजात म्हणाले. "तुझा बाप कधी घेत नव्हता. तू ठरव."

"न्हाई काका. जेवढे पैसे हायेत तेवढ्याचं एकच पोतं उतरवा."

सोमवारी ते पोतं सकाळीच संपलं. हट्ट्याची, पुसेगावची माणसं रिकामी जागा बघून शेजारच्या दुकानात वळत होती. तारा ते बघत उभी होती. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री तिच्या डोळ्यांसमोरून चालत गेली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे डबा असो नाहीतर फोन, मधे पट्टी तेवढी घाला. हाताशी आलेला प्रत्येक रुपया आपला नसतो. काही रुपयांना उद्या कुठेतरी जायचं असतं.

संध्याकाळी ताराने फोनातले पैसे शेजाऱ्याकडून रोख करून आणले. स्टुलावर चढून मला खाली काढलं, ओढणीने पुसलं आणि दोन्ही कप्पे भरले. लगेच शौनकचा हात डावीकडे आला.

"ताई, कुल्फी! पैसे हायेत की."

ताराने त्याचं मनगट धरलं. "ते आपले न्हाईत."

"मंग कोणाचे?"

कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "नारळाचे."

आई बोलली होती.

ताराने वळून तिच्याकडे पाहिलं. मग उजव्या कप्प्यातून कुल्फीपुरते पैसे काढून शौनकच्या हातावर ठेवले, आणि माझं झाकण लावलं.