निळं पेट्रोल

विमानाच्या पंखाखालच्या नळीतून दानेश्वरीनं काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढलं आणि बाटली उन्हात धरली. विमानाचं पेट्रोल निळं असतं, कपड्यांना नीळ घालताना बादलीतल्या पाण्याला रंग येतो तसं. बाटलीतला रंग मात्र मातकट, हिरवट होता. ती दुसऱ्या पंखाखाली गेली, तिथलंही काढून बघितलं. तेच.

मांडवात तेव्हा बसू माइकवर बोलत होता. बसू म्हणजे तिच्या शिवलिंगप्पा मामांचा मुलगा. आपल्या वडिलांनी जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात पाने फिरवले, आणि रिटायर झाल्यावर सोलापुरात, शेळगीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकेक भाग जोडत हे दोन माणसांचं विमान कसं उभं केलं, हे तो रंगवून सांगत होता. आज आपली आतेबहीण त्याचं पहिलं उड्डाण करणार, असं त्यानं म्हटल्यावर टाळ्या पडल्या. बार्शीच्या अलीकडं, बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या जुन्या धावपट्टीवर हा सगळा थाट होता. चाचणीची परवानगी आली होती, पुढारी यायचे होते, पेपरवाले आधीच येऊन नाष्टा करत होते.

दानेश्वरीनं त्या सगळ्या खटाटोपात एकच अट घातली होती, ती पेट्रोलची. विमानाच्या टाक्या पंखांच्या आत होत्या, मामांनी फायबरच्या घडवलेल्या, आतून लेप दिलेल्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. त्यात तो लेप मऊ पडतो, सुटतो, त्याचे तुकडे गाळणीत जाऊन बसतात आणि इंजिन बंद पडतं. जमिनीवर बंद पडलं तर उतरून ढकलता येतं. वर बंद पडलं तर काय, ते सांगायची गरज नव्हती. हे तिला मामांनीच शिकवलं होतं. लेपाचा एक तुकडा त्यांनी पंपावरच्या पेट्रोलात बुडवून ठेवला होता आणि काही दिवसांनी तो बोटानं दाबून दाखवला होता. तुकडा डिंकासारखा चिकट झाला होता. म्हणून ठरलं होतं, की ती जिथं उडायला शिकली त्या बारामतीहून विमानाच्या पेट्रोलची दोन लोखंडी बॅरलं आणायची. बसूनं त्याची पिकअप नेली होती. बॅरलं उभी ठेव, चारी बाजूंनी आवळून बांध, असं तिनं त्याला बजावून सांगितलं होतं.

तिनं त्याला हातानंच मांडवाबाहेर बोलावलं आणि विचारलं, दोन्ही बॅरलं बारामतीचीच होती ना. तो व्हय की म्हणाला. मग तिनं पाण्याच्या बाटलीत तळाला थोडं पाणी ठेवलं, पाण्याच्या पातळीवर पेनानं रेघ मारली, वरून टाकीतलं पेट्रोल ओतलं, झाकण लावून हलवलं आणि बाटली त्याच्या तोंडासमोर धरली. खाली बसलेलं पाणी रेघेच्या चांगलं वर चढलं होतं. इथेनॉल पाण्याला जाऊन मिळतं, हे बसूलाही ठाऊक होतं.

तेव्हा मग त्यानं सांगितलं. टेंभुर्णीच्या पुढं एका स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, दोर सैल होता, एक बॅरल आडवं झालं, झाकण निघालं आणि सगळं पेट्रोल गाडीतून रस्त्यावर वाहून गेलं. परत बारामतीला जायला वेळ नव्हता. म्हणून कमी पडलेलं त्यानं पंपावरनं प्लॅस्टिकच्या कॅनात भरून आणलं आणि टाक्यांत मिसळलं. ह्याला आठवडा होऊन गेला होता.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

बसूनं तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. तिकडं मामा उभे होते, नवा फेटा बांधून.

दानेश्वरी वळून त्यांच्याकडं गेली. ती पायलट व्हायचं म्हणाली तेव्हा घरात कुणी जेवलं नव्हतं, त्या दिवशी तिच्या बाजूनं हाच एक माणूस बोलला होता.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

मामांनी आधी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. "दानव्वा, आर्ध्यात आर्धं हाय गं. इंजिन लावून लई वेळ चालवून बघितलंय मी. एक चक्कर मारून उतरायचं. तेवढ्यात काय होत न्हाय."

"लेप सुटतो हे मला कुणी शिकवलं?"

मामा म्हणाले, एवढी माणसं बोलावली आहेत, तारीख पुढं ढकलली असती तर गावभर हसं झालं असतं. लेप इतक्यात सुटत नाही, आपण हात घालून बघितला होता.

"तुम्ही बसला असता का ह्यात?"

"बसलो असतो," मामा म्हणाले.

ते खरं बोलत होते, आणि त्यानंच तिच्या डोक्यात तिडीक गेली. ते बसलेच असते. स्वतःच्या जिवावर उदार व्हायचा त्यांना हक्क होता. तिच्या जिवावर उदार व्हायला त्यांना कुणी सांगितलं होतं? तिला नुसतं कळवलं असतं, तर ती नाही म्हणाली असती. नाही म्हणेल म्हणूनच कळवलं नव्हतं. त्या घरात भांडण तापलं की भाषा कानडीवर जायची. आज ती मुद्दाम मराठीतच बोलली, मोठ्यानं, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हे विमान आज उडणार नाही, आणि का उडणार नाही ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

मग तिनं रिकामं बॅरल आणायला लावलं आणि टाकीची तोटी उघडून पेट्रोल काढायला सुरुवात केली. तेवढ्यात नीलम्मा मामी ओवाळायचं ताट घेऊन आल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ताटात कापूर पेटलेला होता. दानेश्वरीनं धावत जाऊन मामींना दंडाला धरून मागं ओढलं, ताट हातातून घेतलं आणि लांब नेऊन त्यावर माती टाकली. मामी रडू लागल्या. अपशकुन झाला, असं मांडवात कुणीतरी म्हणालं. ह्या सगळ्यांत एकट्या मामींचा काही दोष नव्हता आणि पहिला हिसका त्यांनाच बसला, ह्याचा तिला आणखी संताप आला.

बसू जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, की निदान पट्टीवर पळवून दाखव, फोटोपुरतं. ती मानेनंच नाही म्हणाली.

"मग काय, भ्याली म्हणून सांगू माइकवर?"

"सांग की. आणि बॅरल कुठं सांडलं तेही सांग."

तो माइककडं गेला नाही. पुढारी आलेच नाहीत, त्यांना वाटेतच फोन गेला होता. पेपरवाल्यांनी तोटीखाली बॅरल धरून बसलेल्या बाईचा फोटो काढला आणि तेही गेले.

घरी आईनं तिचीच कानउघाडणी केली. थोरल्या माणसाला चारचौघांत असं बोलतात का, तुझ्यासाठी त्यानं काय नाही केलं. दानेश्वरी म्हणाली, केलं ते मी विसरले नाही, आणि हेही विसरणार नाही. पुष्कळ दिवस जेवताना दोघींत शब्द नव्हता.

काही दिवसांनी मामांचा फोटो आला. त्यांनी डावी टाकी कापून उघडली होती. कोपऱ्यात लेप फुगून वर आला होता, दुधावरच्या सायीसारखा, आणि एके ठिकाणी फाटला होता. मामांनी खाली काही लिहिलं नव्हतं. तिनं फोटो बघितला आणि फोन पालथा ठेवला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट राग नव्यानं चढला, कारण आता त्याला आकार आला होता. किती उंचीवर असताना तो तुकडा सुटला असता, ह्याचा हिशेब तिचं डोकं आपोआप करत बसलं.

मामांनी टाक्या नव्यानं घडवल्या, इथेनॉल सोसणारा लेप दिला. तुझ्या मनात नसेल तर दुसरा पायलट बघतो, असा त्यांचा निरोप आला. तिनं कळवलं, मीच उडवणार, पण पेट्रोल मी आणणार.

ती स्वतः पिकअप चालवत बारामतीला गेली. बॅरलं उभी केली, पट्ट्यांनी आवळली, आणि वाटेत दोनदा थांबून हात लावून बघितली. धावपट्टीवर या वेळी मांडव नव्हता. मामा एकटेच आले होते, साध्या टोपीत. तिनं बॅरलपासून विमानापर्यंत तांब्याची तार जोडली, म्हणजे पेट्रोल वाहताना ठिणगी पडायला नको. हातपंप लावला, गाळणी बसवली. मामांनी विचारलं, पंप मारू का. ती मारा म्हणाली. त्यांनी खाली मान घालून पंप मारला, दोन्ही टाक्या भरल्या आणि झाकणं घट्ट फिरवली.

दानेश्वरी शिडी घेऊन पंखाजवळ गेली. मामांनी लावलेलं पहिलं झाकण तिनं उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. मग दुसरं. मामा तिथंच उभे होते, तांब्याची तार गुंडाळत. पूर्वी त्यांनी घट्ट केलेल्या नटावर तिनं कधी पाना लावला नव्हता.

विमान उडालं. चांगलं उडालं, नुसतं डावीकडं किंचित झुकत होतं. उतरल्यावर तिनं मामांना तेवढंच सांगितलं. ते बघतो म्हणाले. मग ती पिकअपमध्ये बसली, ते त्यांच्या मोटारसायकलवर बसले आणि दोघं सोलापूरला आपापले परतले.