शब्द जसेच्या तसे

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण कोर्टाच्या शिपायाने भर आवारात ते पुकारलं, तर आता माझं काय अडतं? लडकू, राहणार वळ. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात बैलालासुद्धा शिवी दिली नव्हती. घरातल्या शिव्यांचा सगळा कारभार माझ्याकडे. आणि भरल्या कोर्टात घाण बोलायची वेळ नेमकी ह्यांच्यावर आली.

झालं असं. सत्तर सालच्या दंगलीआधी आमच्या गावाजवळ एक सभा झाली. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने मुसलमानांबद्दल नको नको ते बोलून लोकांना पेटवलं. पुढे दंगलीत शहरातल्या धामणकर नाक्याजवळचा गुलाम हुसेन यांचा लूमचा कारखाना जळाला आणि आत तेही गेले. ह्यांची त्यांची जुनी ओळख. आमचा तांदूळ त्यांच्या घरी जायचा, त्यांच्या ईदचं गोडधोड आमच्या पोरांच्या तोंडात पडायचं. आग कोणी लावली ते काही सापडलं नाही. उरला एकच खटला, त्या भाषणाचा. दोन समाजांत वैर पेटवणं हासुद्धा गुन्हा आहे, हे मला तेव्हा कळलं. गुलाम हुसेन यांच्या बायको माजिदाबाई दर तारखेला येऊन शेवटच्या बाकावर बसायच्या.

साक्षीदार एकामागून एक फुटले. कर्णा खराब होता म्हणून कोणाला ऐकू आलं नव्हतं, कोणी नेमका पाणी प्यायला उठला होता. भाषण टिपून घेणारा पोलीस बदलून गेला होता आणि त्याचा कागदही सापडत नव्हता. राहिले आमचे हे. हे फुटले की तो माणूस गळ्यात हार घालून बाहेर पडणार, एवढं मला कळत होतं.

आरोपीचा वकील मोठा हुशार. म्हणाला, “बोलण्याने कोणाच्या अंगाला भोकं पडतात का? आज याच्या तोंडाला कुलूप घालाल, उद्या संपावरच्या कामगाराच्या घालाल, परवा तुमच्या-माझ्या.” खोटं कशाला सांगू, त्यातलं अर्धं मला पटलं. सरकारच्या हाती कुलूप दिलं की ते कोणाच्या तोंडाला लागेल याचा नेम नाही. पण मागे वळून माजिदाबाईंकडे बघितलं की ते पटलेलं अर्धंही घशात अडकायचं.

हे पिंजऱ्यात उभे राहिले. “तो लई वाईट बोलला, साहेब,” एवढंच म्हणाले.

“वाईट म्हणजे काय? त्याचे शब्द सांगा. जसेच्या तसे,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

हे हळूच म्हणाले, “मना न्हाय बोलवत. त्या बाई बसल्यात तिथं.”

“शब्दच नसतील तर मी निकाल कशावर देऊ? बाईंना थोडा वेळ बाहेर बसू द्या.”

माजिदाबाई उठून उभ्या राहिल्या. “मी बाहेर जानार न्हाय, साहेब. आमच्या दारावर ते लोक आले, ते हेच बोलत आले. बोला, लडकूभाऊ. तुम्ही न्हाय बोललात तर कोन बोलनार?”

मग हे बोलले. मान खाली घालून, एकेक वाक्य. ती वाक्यं मी इथे सांगणार नाही, कोर्टात बोलावी लागली तेवढं पुरे. मागे कोणीतरी खुदकन हसलं. ओठांवर आलेली शिवी मी गिळली. माजिदाबाई समोर बघत बसून होत्या.

सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. तेवढ्यात वकील उठला.

“हे ऐकून तुम्ही काय केलंत? उठून गेलात? कोणाला अडवलंत?”

“न्हाय.”

“म्हणजे तुमच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. ऐकलंत आणि घरी गेलात.”

ह्यांनी कठडा घट्ट धरला. होय म्हणा आणि खाली उतरा, मी मनात म्हणत होते.

“झाला परिणाम, साहेब. मी टाळ्या वाजवल्या.”

वकिलाकडे न बघता हे पुढे बोलत राहिले.

“सगळे वाजवत व्हते, मी पन वाजवल्या. गुलामशेठ तवा डोळ्यापुढं आलेच न्हाईत. घरी आलो तवा आठवले.”

वकील खाली बसला. मॅजिस्ट्रेट लिहीत राहिले. एका घरात राहून हे मला कधी बोलले नव्हते. मला राग आला, आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम.

बाहेर आवारात हे माजिदाबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. काही बोलणार तोच त्यांनी हाताने थांबवलं.

“त्याचे शब्द मी सोसले, लडकूभाऊ,” त्या म्हणाल्या. “तो परका होता.”

पुढे त्या माणसाला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी गावातले चारजण ह्यांची पाठ थोपटायला आले, पण हे घराबाहेर आले नाहीत.