मागनं येत जा

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. कचेरीच्या आवारात मी दिसलो की अर्जनवीस एकमेकांना म्हणायचे, "हणमंतराव वकील आले, आज कुणाची धडगत न्हाई." पण विरुपाक्षच्या खटल्यात मला जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला न्हाई, आणि तो नेमका कुणावर होता हे विचाराल तर आजही धड सांगता यायचं न्हाई. निजामाच्या अमलातली गोष्ट, रझाकारांच्या धामधुमीच्या बरीच आधीची. कोर्टाचा कारभार सगळा उर्दूत, पक्षकार बोलणार कानडीत न्हाईतर मराठीत, आणि मधल्या मधे आमची ओढाताण.

सिद्धव्वा दारात आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. हुलसूरच्या बाजारात विड्याची पानं विकणारी ही बाई. पानांची टोपली कमरेवर तशीच होती. "वकीलसाब, माझ्या लेकराला धरून नेलंय वो," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मी ताटावरून उठलो. "अहो, हातातला घास तरी संपवा," वच्छलाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, आतनं ओरडलं. आता अशा रडण्यापुढं घास उतरतो होय?

रडं ओसरल्यावर हकीकत कळली. विरुपाक्ष हा तिचा एकुलता एक मुलगा. तो लहान असताना तापाची साथ आली आणि शेजारचं जोडपं एका आठवड्यात गेलं. मागं अंगावर पिणारी पोर राहिली, महानंदा. सिद्धव्वानं तिला उचलून घरी आणलं आणि विरुपाक्षबरोबर वाढवलं. रक्ताची न्हाई, पण दोघं एकाच ताटात जेवून मोठी झाली. पुढं पोरीचं लग्न सिद्धलिंगप्पाच्या लेकाशी लावून दिलं. गावाचं नाव घेत न्हाई, तिथली माणसं अजून रागावतात. सिद्धलिंगप्पा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, पोलीस ठाण्याचा अमीन त्याच्या ओसरीवर चहा प्यायचा.

आमच्या भागात पंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. विरुपाक्ष दरसाल गाडी जुंपून जायचा. यंदा सिद्धलिंगप्पानं त्याला दारातूनच हाकललं. "आमच्या सुनेला भाऊ न्हाई. तू कोण रे टिकोजीराव?" पंचमी गेली, पोर काही आली न्हाई. तेव्हापासून विरुपाक्ष दर सोमवारी त्या गावी जायचा. महानंदा ओढ्यापलीकडच्या देवळाला निघाली की तिच्या मागं मागं चालायचा. बोलायचा न्हाई, गाठायचा न्हाई, नुसता चालायचा. शेवटी सिद्धलिंगप्पानं माणसं लावून त्याला धरला, बडवला आणि फिर्याद ठोकली, की हा परका इसम माझ्या सुनेचा पिच्छा करून तिला तंग करतो. वर शिपायाची साक्ष अशी, की मुलजिमानं, म्हणजे आरोपीनं, स्वतःच्या तोंडानं कबुली दिली.

कबुलीचं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवालातीत गेलो तो ओरडतच.

"लेका, कबूल कामून केलास?"

"काय कबूल केलो, वकीलसाब?"

"बाईला तंग केलं म्हणून!"

विरुपाक्षचा ओठ सुजलेला होता. तो माझ्याकडं बघतच राहिला. "म्या असं कव्हा म्हणलो? ते मारायले होते, मी आपलं ती माझी बहीण हाय, बहीण हाय, एवढंच वरडायलो होतो."

मला वाटलं, मार खाऊन काही तरी बरळला असंल आणि आता विसरला. "बरं, मागं मागं कशाला फिरायलास? काय मिळायलंय?"

तो भिंतीला टेकून बसला. मग खाली बघत म्हणाला, "पयल्या सोमवारी देवळाच्या वाटंवर तिनं मागं वळून बघितलं न्हाई. चालता चालता पदर तेवढा सरकवला. मनगटापासून कोपरापतुर डाग दिलेला हाय, वकीलसाब. तापल्या उलथण्याचा. म्हणली, अण्णा, बोलू नको, सासू बघायलीय. निस्ता मागनं येत जा. तू मागं हाईस म्हणलं की मला आठवडा निघतो."

मी उभा राहिलो. "अरे, मग झालं की काम! हेच मुन्सिफसाहेबापुढं सांगतो. तिचा हात दाखवतो. तू सुटलास."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"कोर्ट उठलं की तिला सिद्धलिंगप्पाच्याच गाडीत बसून जायचंय. ही गोष्ट भाईर फुटली तर घरी नेऊन जित्ती ठेवत्याल का? तुम्हाला माझ्या आईची आण हाय. तिच्या हाताचं कुणाला सांगायचं न्हाई."

बघा आता. माझ्या हातात असलेला एकुलता एक पुरावा ह्या शहाण्यानं काढून घेतला, आणि वर म्हणं मला सोडवा. मी त्याला वाट्टेल तसं बोललो. तो ऐकून घेत होता. सिद्धलिंगप्पाचा निरोप आला होता तोही मी सांगितला: या बाईच्या मागं पुन्हा दिसणार न्हाई असा मुचलका लिहून द्यावा, तो फिर्याद काढून घेईल. वकील म्हणून मी तेच सुचवलं. विरुपाक्षनं मान हलवली. मुचलका सोडून काय बी करा, म्हणाला.

खटल्याच्या दिवशी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. मुन्सिफसाहेब नुकतेच शहरातून बदलून आलेले, कानडीचा गंध नसलेले. शिपाई करामत खाँही तिकडचाच. माणूस वाईट नव्हता, जे ऐकलं तेच सांगायला आला होता.

"मैं खुद सुना, हुजूर," तो म्हणाला. "लोगां मार रहे थे, ये चिल्ला चिल्ला के बोला, तंग किया करके."

मी उलटतपासणीला उठलो तेव्हा माझ्याकडं काही म्हणजे काहीच नव्हतं. वेळ काढायचा म्हणून विचारलं, "खाँसाहेब, त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा. तुमचे नकोत, त्याचे."

करामत खाँनं डोकं खाजवलं. "हौ साब. बोल रहा था... नन्न तंग की, नन्न तंग की."

मागच्या बाकावरनं कुणी तरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग सगळं कोर्ट खदखदायला लागलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे देवा! मी मराठी माणूस म्हणून विरुपाक्ष माझ्यापाशी बहीण म्हणायचा. पाठीत काठ्या बसताना माणूस घरातल्या भाषेत ओरडतो, हे मला सुचू नये?

"हुजूर," मी जवळजवळ किंचाळलोच, "नन्न तंगी! आपल्या पेशकाराला विचारा, कानडीत तंगी म्हणजे काय!"

पेशकार, म्हणजे कोर्टाचा कारकून, इथलाच होता. तो हसू दाबत म्हणाला, "छोटी बहन, हुजूर. नन्न तंगी, मेरी छोटी बहन."

मुन्सिफसाहेबांनी करामत खाँकडं बघितलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "या अल्ला," तो पुटपुटला, "बहन बोल रहा था?" कबुलीचा निकाल तिथंच लागला. सिद्धव्वानं दारातनं मला हात जोडले. मीही मिशीवर हात फिरवला, खोटं कशाला बोलू?

पण मुन्सिफसाहेब कच्चे नव्हते. "बहीण आहे तर बहिणीलाच विचारू," म्हणाले.

महानंदाला पुढं आणली. डोक्यावरनं पदर, दोन्ही हात पदराच्या आत. सिद्धलिंगप्पा तिच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहून घसा खाकरत होता. पेशकारानं विचारलं, "या माणसाला ओळखतेस?"

तिनं एकदा सासऱ्याच्या जोड्यांकडं बघितलं. "न्हाई."

"हा तुझा भाऊ आहे का?"

"मला भाऊ न्हाई."

सिद्धव्वा दारातच मटकन खाली बसली. मी विरुपाक्षकडं बघितलं. त्यानं हळूच मान डोलावली, पोरीनं बरोबर उत्तर दिल्यासारखी. मी पुढं झालो. तोंडात आलंच होतं, की हुजूर, हिला हात पदराबाहेर काढायला सांगा. तेवढ्यात विरुपाक्षनं बांधलेले हात छातीशी नेले आणि माझ्याकडं असं बघितलं, की त्यानं घातलेली आण आठवली. मी बसलो. दातांवर दात दाबून बसलो.

निकाल झाला. तंग केल्याचा आरोप शाबीत होत न्हाई. पण बाई ओळखत न्हाई म्हणते आणि हा मागं फिरल्याचं कबूल करतो, तेव्हा यानं पुन्हा तिच्या मागं न जाण्याचा मुचलका द्यावा. न दिल्यास वर्षभर कैद.

"दे रे बाबा," मी त्याच्या कानाशी लागलो. "अंगठा उठव आणि आईला घेऊन घरी चल. पाया पडतो तुझ्या."

"आन् मग तिच्या मागं कोण जाईल, वकीलसाब?"

"आत बसलास तर मग कोण जाईल, मूर्खा?"

"कोण न्हाई. पण जाणार न्हाई असं तोंडानं तरी म्हणलो न्हाई. तिच्या कानावर जाईल ते."

मुन्सिफसाहेबांनी विचारलं काय म्हणतो. "मुचलका देत नाही, हुजूर," मी सांगितलं.

बाहेर आवारात सिद्धलिंगप्पाची गाडी जुंपून उभी होती. करामत खाँ विरुपाक्षच्या हाताला दोरी लावून फाटकाकडं निघाला. महानंदानं गाडीच्या दांडीवर पाय ठेवला. ती तशीच क्षणभर थांबली. मग पाय खाली घेतला आणि विरुपाक्षच्या मागं चालायला लागली.

"ए महानंदा! कुठं चाललीस?" सिद्धलिंगप्पा ओरडला. तिनं वळून बघितलं न्हाई. आवारातली माणसं बाजूला सरली. करामत खाँ थबकला. "ए बाई, कायकू पीछे पीछे आ रई?"

तिनं उजवा हात पदरातनं बाहेर काढला. डाग आम्हां सगळ्यांना दिसला. तो हात दोरीवर ठेवून ती म्हणाली, "तंगी. मी ह्याची तंगी हाय."

सकाळी याच शब्दावर ही माणसं हसली होती. आता कुणी हूं की चूं केलं न्हाई. सिद्धलिंगप्पा तिचा दंड धरायला धावला, तर करामत खाँनं मधे काठी आडवी धरली. "पीछे हटो, मालक. बहन है उसकी."

मी धोतर सावरत कोर्टाच्या पायऱ्या चढलो. "हुजूर! हुजूर, आता विचारा तिला!" म्हणून ओरडत आत शिरलो. खुर्ची रिकामी होती. पेशकार दप्तर बांधत होता. "साहेब उठले, हणमंतराव," तो म्हणाला. "सोमवारी या."

सोमवारी! मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं न्हाई.

परत खाली आलो तर ते लांब गेले होते. पुढं करामत खाँ, मग विरुपाक्ष. तो मागं बघत नव्हता, पण पावलं हळू टाकत होता, तिला गाठता येईल अशी. तुरुंगाच्या दारापर्यंत ती तशीच मागनं गेली. दार लागलं तेव्हा ती बाहेर उभी होती, आणि तिच्या मागं टोपली घेऊन सिद्धव्वा.