चिंचेवरच्या बाईचा मुलगा

गुणवंतराव मास्तरांनी भोंग्याचे तोंड धोतराच्या सोग्याने तिसऱ्यांदा पुसले. धानाची कापणी उरकली होती आणि आरमोरीच्या सिनेमाच्या तंबूत दिवेलागणीचा खेळ खच्चून भरला होता. 'चिंचेवरची बाई', भाग चौथा. हे भूत दरवर्षी तेलगू मुलखाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडून येई आणि तेलगूतच बोले. पडद्याशेजारी उभे राहून ते मराठीत सांगायचे काम मास्तरांचे.

"मास्तर, आज सांभाळून," तंबूवाले नानाजी हसले. "बायांत समोर रुखमाबाई बसली हाय. माहेर सिरोंच्याचं. तेलगू तिले मायबोलीवानी येते. तिन्ही भाग याच तंबूत पाह्यले म्हणते."

"तिन्ही?"

"पह्यल्यापासून."

मास्तरांच्या हातातला भोंगा खाली आला. तेलगू त्यांना चार शब्दांपलीकडे येत नव्हते. पहिल्या वर्षी पडद्यावरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी दिसले, म्हणून त्यांनी घाबरत सांगून टाकले, की हिचे तान्हे मूल हरवले आहे आणि ती त्यालाच शोधते. तंबूत हुंदके सुरू झाले. मग मागे फिरता आले नाही. दुसऱ्या भागात त्यांनी मूल वाढवले, तिसऱ्यात ते गाडीवान झाले. गावातल्या बाया त्याच्यासाठी नवस बोलू लागल्या.

खेळ सुरू झाला. रुखमाबाईकडे पाहायचे मास्तरांनी टाळले. अर्ध्यावर गाडीवान चिंचेखाली आला. बाई सरसर फांदीवरून उतरली आणि तिने त्याचा गळा धरला.

मास्तरांनी भोंगा तोंडावरून काढला. पडद्यावर नुसत्या किंकाळ्या. मागून कोणीतरी ओरडले, "काऊन जी मास्तर? आपल्याच पोराले मारून राह्यली?"

तीन वर्षांची बनवाबनवी आता उघडी पडणार होती. भोंगा ठेवून कनातीखालून निघून जावे, असे त्यांना वाटले. एक पाऊल त्यांनी मागे घेतलेही.

तेवढ्यात बायांमधून रुखमाबाईचा खणखणीत आवाज आला.

"ओळखू नाई आला बिचारीले! तान्हा होता तवा पाह्यला तिनं. आता दाढी नाई का वाढली त्याची!"

"होय जी, होय," तंबू हळहळला. मास्तरांनी भोंगा उचलला. ते पुढे सांगू लागले. गाडीवान जमिनीवर पडला, बाई त्याच्यावर वाकली, आणि तिने आता त्याला ओळखले, असे मास्तरांनी सांगितले तेव्हा पुरुषांच्या बाजूनेही नाके ओढल्याचे ऐकू आले.

खेळ सुटल्यावर ते कनातीपाशी थांबले. रुखमाबाई आली तसा त्यांनी भोंगा तिच्यापुढे धरला.

"बाई, उद्यापासून तुम्हीच सांगा. खरं काय ते तुम्हाला कळतं."

तिने भोंग्याला हात लावला नाही.

"मले कायले जी? तेलगूत तं ते नुसती भुतीण हाय. पोरगा तिले तुमीच देल्ला."

चार पावले जाऊन ती वळली.

"पण उद्या दाढीचं आधीच सांगजा, मास्तर. आज माहाच जीव घाबरा झाल्ता."